पौषातलं पाणी

चंद्रपूर शहर कसं वसलं, याची एक आख्यायिका या भागात सगळ्यांना ठाऊक असते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा राज्य करत होता. त्याच्या अंगभर फोड होते आणि कुठल्याच औषधाला ते दाद देत नव्हते. एकदा शिकारीला गेलेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या पात्रात उतरला. पात्र कोरडं पडलं होतं. शोधता शोधता त्याला एका खळग्यात पाणी दिसलं. तो प्यायला, त्याने हातपाय-तोंड धुतलं आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिलं, तर जिथे पाणी लागलं होतं तिथली कातडी स्वच्छ झाली होती. परत जाऊन शोध घेतल्यावर खडकात गाईच्या पावलांएवढे पाच खळगे सापडले, कितीही उपसा, न आटणारे. तिथे अचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं आणि राजधानी बल्लारपूरहून चंद्रपूरला आली.

या कथेतला भूगोल अगदी खरा आहे. नदी कोरडी आणि खडकाच्या खळग्यात मात्र न संपणारं पाणी, हे दृश्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात शेकडो ठिकाणी दिसतं. ते पाणी पाहायचं असेल तर हिवाळ्यात यावं आणि एखाद्या नाल्याच्या काठाने मित्रांसोबत चालत सुटावं. पावसाळ्यात नाला गढूळ आणि दांडगा असतो, जवळ जाऊ देत नाही. उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी फक्त रेती उरते, आणि पारा सत्तेचाळीस अंशांना टेकलेला असताना ती रेती तुडवण्याची हौस कुणाला नसते. पौष-माघात मात्र पाणी नितळ असतं, तळ दिसतो, काठावरची पायवाट वाळलेली असते. आणि चार पावलं चाललं की प्रश्न पडतोच: पाऊस जाऊन तीन महिने झाले, आभाळात ढग नाही, मग हे पाणी येतंय कुठून?

आमचं फिरणं या एका प्रश्नाभोवती असतं. सोबत्यांत एक भूगोलाचा मास्तर आहे, एक पक्ष्यांमागे वेडा झालेला आहे, एकीला झाडांची नावं तोंडपाठ आहेत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं आणि प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबर असतं.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सह्याद्रीत जशी पाठीवर पिशवी टाकून कुठलीही वाट धरता येते, तसं इथे नाही. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्या सफारीत पर्यटकाला गाडीतून उतरून पायी हिंडण्याची मुभा नाही. कुठल्याही अभयारण्यात परवानगीवाचून शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. आणि वाघ काही हद्दीचे दगड पाहून चालत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत धानाच्या बांध्यांच्या कडेला वाघाचे पंजे उमटतात. सरपणाला, मोहफुलाला, गुरं घेऊन गेलेली माणसं इथे दरवर्षी जिवाला मुकतात. वाकून किंवा बसून काम करणाऱ्या माणसाला धोका जास्त असतो, कारण तसा आकार वाघाला माणसाचा वाटत नाही. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानहत्तींचा कळपही वावरतो. म्हणून गावातला माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही, उन्हं वर आल्यावर निघायचं, तिन्हीसांजेच्या आत परतायचं, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, काठावरच्या गचपणात बसायचं नाही. आणि वनविभागाला व ग्रामसभेला विचारल्याशिवाय पहिलं पाऊलही टाकायचं नाही.

ग्रामसभेचं नाव उगाच घेतलं नाही. गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात, कठाणी नदीच्या काठी मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते देशभर माहीत झालं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी हे एक. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क ग्रामसभेकडे आला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूची वाहतूक करण्याचा परवाना देण्याचा अधिकारही तिला मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना असे हक्क मिळाले. त्यामुळे धानोरा, कुरखेडा, कोरचीच्या बाजूला नाल्याकाठाने हिंडायचं तर ते जंगल कुणाचं तरी सांभाळलेलं आहे, हे मनात धरूनच हिंडावं लागतं. आमच्यासोबत येणारे काका ग्रामसभेच्या बैठकीत बसणारे. त्यांचं बोलणं कमी, थांबणं जास्त. ते थांबले की आम्हीही थांबतो, कारण तिथे काहीतरी बघण्यासारखं असतंच.

सकाळी नाल्यावर पोचलं की पहिली गंमत दिसते ती धुक्याची. गडचिरोलीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खालीही जातो. हात गारठलेले असतात, आणि अशा वेळी एखाद्या डोहाच्या कडेला, जिथे काठातून पाणी पाझरत असतं, तिथे हात बुडवला तर पाणी चक्क कोमट लागतं. पाझराच्या तोंडावर वाफ तरळत असते. जमिनीखाली काही मीटरवर उन्हाळा-हिवाळा पोचत नाही; तिथलं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ टिकून असतं, आणि या भागाची सरासरी साधारण सत्तावीस अंशांची. वर दहा, खाली सत्तावीस. म्हणून पाझराचं पाणी थंडीत ऊबदार लागतं आणि वैशाखात तेच थंडगार. हे पाणी पावसाचं वाहून आलेलं नाही, ते जमिनीच्या पोटातून आलं आहे, याचा सगळ्यात सोपा पुरावा हाच. हाताला कळतो.

मग ते पोटात गेलं कधी आणि राहिलं कसं? इथे मास्तर बोलायला लागतो. धानोऱ्याच्या बाजूचा खडक फार जुना, अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा पट्ट्यापट्ट्यांचा नीस. हा खडक धड असेल तर त्याच्यात पाण्याचा थेंब मावत नाही. पण वरचा थर ऊनपावसाने कुजून मुरूम झालेला असतो, आणि मुरुमाखाली खडकाला भेगा असतात. पाणी साठतं ते या मुरुमात आणि भेगांत. नाला खोल कापत जातो आणि अशा एखाद्या भेगेला छेद देतो, तिथे पाझर फुटतो. नाल्याच्या काठावर ओल्या दगडाची एक आडवी रेघ पुढेपुढे जाताना दिसते. ती रेघ म्हणजे मुरूम संपून धड खडक सुरू होण्याची जागा. मुरलेलं पाणी तिथवर येऊन अडतं आणि आडवं वळतं.

चंद्रपूर, भद्रावती, चिमूरच्या बाजूला गोष्ट वेगळी. तिथे गोंडवाना काळातला वाळूचा दगड आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र जोडलेले असताना इथल्या नद्यांनी आणि दलदलींनी जे साठवलं त्याचा खालचा भाग कोळसा झाला. घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या खाणी त्याच कोळशावर चालतात. वरच्या थरांत कामठीचा वालुकाश्म आहे. त्याच्या कणाकणांत फटी असतात, त्यामुळे तो पाणी पितोही आणि सोडतोही. चंद्रपूरच्या पश्चिम कडेला गेलं तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पत्थर लागतो, आणि राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटवाल्यांना हवा असलेला चुनखडक. एवढ्या थोड्या अंतरात चार तऱ्हांचे खडक महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील, आणि प्रत्येकावरचा नाला निराळ्या स्वभावाचा. पत्थरावरचा नाला लवकर आटतो, वालुकाश्मातला सावकाश वाहत राहतो. उघड्या कोळसा खाणींच्या जवळ मात्र ही सगळी रीत मोडते. खाण कोरडी ठेवायला भूजल सतत उपसावं लागतं आणि भोवतालचे झरे बसतात.

हे सगळं खरं, पण खडक नुसता माठ आहे. माठात पाणी ओततं कोण?

याचं उत्तर पायाखाली असतं. नाल्यापासून दहा पावलं बाजूला होऊन जंगलात शिरलं की पाचोळ्यात पाय बुडतो. सागाची पानं त्यात सगळ्यात जास्त, आणि त्यांतली कितीतरी अगदी जाळीदार. पावसाळ्याच्या शेवटी सागावर एक अळी पडते. शिरा सोडून पानाचा मधला गर तेवढा खाते. पडलेल्या पानांचा हा थर जमिनीवर अंथरलेला असेल तर जुलैतल्या टपोऱ्या थेंबाचा मार मातीला बसत नाही. थेंब पानावर फुटतो, हळूच खाली उतरतो. उघड्या मातीवर तोच थेंब बारीक कण उडवतो, ते कण मातीची छिद्रं लिंपून टाकतात आणि पाणी मुरायचं सोडून धावू लागतं. पाचोळ्याखाली वाळवीची भुयारं असतात, गांडुळांची बिळं असतात, मेलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या असतात. पावसाचं पाणी खाली नेणारं सगळं काम ही मंडळी करतात. वारूळ पाहिलं की आपल्याला वाळवी लाकूड खाते एवढंच आठवतं. या जंगलात पाणी जिरवणारी तिच्याइतकी मोठी कारागीर दुसरी नाही, असं मी म्हणेन.

‘झाडं पाऊस आणतात, झाडं पाणी देतात’ ही वाक्यं शाळेपासून आपण ऐकत आलो. यात अर्धंच सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं सांगितलं नाही तर जंगलावर अन्याय होतो. झाड पाणी पितंही. मोठं झाड दिवसभरात शेकडो लिटर पाणी मुळांनी ओढून पानांवाटे हवेत सोडू शकतं. वर्षभराचा हिशेब केला तर उघड्या माळावरून नाल्याला मिळणारं एकूण पाणी जंगलातल्यापेक्षा जास्तही भरेल. फरक पडतो तो वेळेचा. उघड्या, तुडवलेल्या जमिनीवरून ते पाणी श्रावणातच पूर होऊन निघून जातं. जंगल त्यातलं बरंचसं जमिनीत उतरवतं, स्वतःचा वाटा घेतं आणि उरलेलं कार्तिक, पौष, माघात थोडंथोडं सोडतं. माणसाला आणि जनावराला पाणी हवं असतं ते याच महिन्यांत.

हा वाटा झाड कसा घेतं, तेही नाल्यावर बघता येतं. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला रेतीत एक काडी रोवायची, पाणी जिथवर चढलं आहे तिथे तिला खूण करायची. दुपारी परत फिरताना त्या काडीपाशी थांबायचं. लहान नाला असेल आणि काठावर दाट झाडी असेल, तर पाणी खुणेच्या किंचित खाली गेलेलं असतं. दिवसभर काठावरची झाडं मुळांनी पाणी ओढत असतात. रात्री ती थांबतात आणि पहाटेपर्यंत पातळी पुन्हा वर येते. जलशास्त्रज्ञ हा चढउतार यंत्रं लावून टिपतात. शांत डोहाच्या कडेला तो बोटभर काडीवरही दिसू शकतो. आणि झाडांनी पानं गाळली की हा चढउतारही मंदावतो. साग पौषापासून उघडा पडू लागतो. कराया, ज्याला ताडोबाचे गाइड भुताचं झाड म्हणून दाखवतात, तो तर आधीच पांढऱ्याफेक सालीनिशी उभा असतो. पानगळ म्हणजे झाडाने आपली तहान आवरणं. पाणी कमी होण्याच्या दिवसांत जंगल पिणं कमी करतं, म्हणून नाला आणखी काही आठवडे तग धरतो.

नाल्याच्या अगदी काठावरची झाडं मात्र पानं टाकत नाहीत किंवा फार उशिरा टाकतात. दूरच्या टेकडीवरून पाहिलं तर तपकिरी जंगलातून एक हिरवी नागमोडी रेघ जाताना दिसते; नकाशा नसला तरी नाला कुठे आहे ते कळतं. त्या रेघेत जांभूळ असतो, करंज असतो, उंबर असतो, आणि सगळ्यात देखणा अर्जुन. गुळगुळीत, राखाडी-पांढरी साल आणि काठाला कवळ घालून बसलेली मुळं. त्याच्या फळाला लांबट पाच पंख असतात. फळ पाण्यात पडलं की तरंगत खाली जातं आणि पुढच्या काठाला रुजतं. अर्जुन नाल्याकाठीच का, याचं उत्तर त्या पंखांत आहे. त्याचा भाऊ ऐन, मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा, थोडा वर कोरड्यावर उभा राहतो. बांबूचंही तसंच: मानवेल उतारावर, तर जाड, काटेरी कटांग पाण्याच्या सोबतीला. पुरात काठ खचू नये म्हणून कटांगाच्या बेटाइतका भरवशाचा बांध माणसाने अजून बांधलेला नाही.

वाटेत एखादी सरळ, उथळ जागा मिळाली की आम्ही नाला मोजतो. हे कुणालाही करता येतं. समजा नाला तिथे एक मीटर रुंद आहे आणि पाणी दहा सेंटिमीटर खोल. एक पान पाण्यात सोडायचं आणि दहा मीटर जायला त्याला किती वेळ लागतो ते बघायचं. पन्नास सेकंद लागले तर वेग झाला सेकंदाला वीस सेंटिमीटर. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या गुणाकाराचा पाचवा भाग वजा करायचा. उत्तर येतं सेकंदाला सोळा लिटर. घोटा जेमतेम बुडेल असा हा नाला दिवसाला जवळजवळ चौदा लाख लिटर पाणी वाहून नेतो! आता उलटा हिशेब करू. या नाल्याला पाचशे हेक्टर जंगलाचं पाणी मिळत असेल, तर चौदा लाख लिटर म्हणजे त्या सगळ्या जमिनीवर पसरलेला पाव मिलिमीटरहून थोडा जास्त थर. गडचिरोलीत वर्षाला साधारण तेराशे ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन त्यातलं साठवलेलं पाणी रोज पाव मिलिमीटर या मापाने परत देते आहे. एवढा हात आखडून केलेला खर्च असल्यावर पाणी माघापर्यंत पुरतं, यात नवल नाही.

दुपार होते तसं ऊन पाण्याच्या तळापर्यंत पोचतं. पाचोळा साचलेल्या डोहात पाण्याला चहाचा रंग आलेला असतो. पानांतलं टॅनिन उतरलेलं असतं. घाण म्हणून नाक मुरडू नये. पाण्यात पडलेल्या पानावर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, ते त्याला मऊ करतात. मग खेकडे, गोगलगाई आणि किडे ते कुरतडतात. त्यांचं उरलंसुरलं वाहत खाली जातं आणि गाळून खाणाऱ्या दुसऱ्या किड्यांच्या तोंडी लागतं. त्या किड्यांवर मासे, माशांवर खंड्या आणि रात्री हुमा घुबड. दाट सावलीतल्या नाल्यात ऊन कमी, म्हणून शेवाळही कमी. तिथल्या सगळ्या जिवांचं पोट बहुतांशी झाडांच्या पडलेल्या पानांवर चालतं. एखादा दगड अलगद उलटा करून पाहिला तर त्याच्या पोटाला रेतीच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली असते. आत एक अळी राहते, कण एकेक चिकटवून तिने घर बांधलेलं असतं. ही अळी आणि शेपटीला दोन-तीन केस असलेली तिची चपटी शेजारीण, दोघींना स्वच्छ आणि हवा मिसळलेलं पाणी लागतं. त्या दिसल्या की पाणी बरं आहे असं समजायचं आणि दगड होता तसा ठेवायचा.

पक्षीवाल्या मित्राला इथे हमखास भेटतो तो करडा धोबी. पिवळ्या पोटाचा, लांब शेपटी सतत वरखाली हलवणारा. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याही पलीकडे डोंगरी ओढ्यांच्या काठी घरटं करतो. थंडीत या भागातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, नाल्यावर येतो. दगडादगडावर उडी मारत पाण्याच्या कडेचे किडे टिपतो, आणि माणूस जवळ आला की दहा-पंधरा मीटर पुढे जाऊन पुन्हा बसतो. त्यामुळे नाल्याने चालणाऱ्याला तो बराच वेळ वाट दाखवत असल्यासारखा सोबत करतो. तुतवारही तसाच पाहुणा. हे पक्षी इतक्या लांबून येतात ते वाहत्या उथळ पाण्याच्या भरवशावर. नाला महिनाभर आधी आटला तर त्याची झळ हिमालयापलीकडच्या घरट्यापर्यंत जाऊन पोचते.

पुढे पाणी दिसेनासं होतं. पात्र रुंद होतं, रेतीच रेती पसरते आणि नवख्याला वाटतं, संपला नाला. काका अशा ठिकाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, अर्जुनाच्या मुळाशी, हाताने रेती उकरतात. कोपरभर खोल गेलं की रेती ओली होते, आणखी थोडं गेलं की खळग्यात पाणी जमू लागतं. हाच झिरा. पहिलं पाणी गढूळ असतं, ते उपसून टाकायचं. दुसऱ्यांदा भरतं ते नितळ. रेती गाळणीचं काम करते आणि झाकणाचंही. वरच्या काही इंचांची रेती सुकली की खालच्या पाण्याची वाफ होणं जवळजवळ थांबतं. एप्रिल-मेमध्ये जंगलात कामाला जाणारी माणसं झिऱ्यावरच तहान भागवत आली. गढूळ पाणी निवळवायला कोरड्या जंगलातल्या निवळीच्या झाडाची बी मडक्याच्या आतल्या बाजूला घासायची रीतही फार जुनी. बीमधल्या द्रव्यामुळे गाळाचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाशी बसतात. पाणी निवळलं तरी जंतू मरत नाहीत, तेव्हा पाहुण्यांनी बाटली घरूनच भरून आणावी.

झिरा फक्त माणूसच काढतो असं नाही. रानडुकरं मुसंडी मारून रेती उकरतात आणि मग त्या खळग्यावर चितळं, माकडं, मोर पाळीपाळीने येतात. सकाळच्या ओल्या रेतीत ही सगळी ये-जा छापलेली असते. सांबराचा खूर, साळिंदराचं काटे ओढत गेलेलं चालणं, अस्वलाचा माणसाच्या पावलासारखा लांबट ठसा. वाघाचा पंजा दिसला तर काका आधी त्याच्या कडा बघतात. कडा धारदार, वर पान नाही, दव नाही, म्हणजे ठसा ताजा. मग तिथूनच मागे फिरायचं, त्यावर चर्चा नाही.

जंगल संपून शेतं लागतात तिथे नाल्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. धान कापून झालेलं असतं, बांध्यांत पेंढ्यांचे ढीग लागलेले असतात, आणि धानाच्या खुंटांमधूनच लाखोळी उगवून आलेली असते. धान उभं असतानाच, बांधीत ओल आहे तोवर लाखोळी फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि दवावर ती पिकते. जंगल जी काटकसर नाल्यावर करतं तीच शेतकरी बांधीत करतो. आणि त्याही आधी, गोंड राजांच्या काळात, या भागातल्या कोहळी समाजाच्या लोकांनी नाल्यांना मातीचे बांध घालून तलाव उभे केले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात मिळून असे हजारो तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेल्यावर ते सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. वरच्या जंगलातला नाला माघापर्यंत वाहतो की पौषातच थांबतो, यावर या तलावाचं पाणी अवलंबून आणि तलावावर गावाची मासळी, शिंगाडा, गुरांचं पिणं. धान घरात आलं की गावोगावी झाडीपट्टीची नाटकं रंगू लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटकमंडळ्यांचं माहेर. होळीपर्यंत रात्र-रात्र प्रयोग चालतात. दिवसभर नाला चालून रात्री शेकोटीशेजारून मंडपात जाऊन बसलेल्या आमच्यासारख्यांचा दुसऱ्या अंकात डोळा लागतो.

परतीच्या वाटेवर एकदा काकांना विचारलं, पूर्वी नाला कधी आटायचा? ते म्हणाले, “होळीलोक वाहे हा. आता संक्रांत झाली का थांबते.” म्हणजे पूर्वी होळीपर्यंत, आता जेमतेम संक्रांतीपर्यंत. या दोन सणांमध्ये सुमारे दोन महिन्यांचं अंतर आहे. कारणं त्यांनीच एकेक दाखवली. मोहफूल वेचायला जमीन साफ व्हावी आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून फाल्गुन-चैत्रात लावलेली आग पाचोळ्यासकट मातीचं पांघरूण जाळते. मग पहिल्याच पावसात राख आणि माती नाल्यात येते, भेगा लिंपल्या जातात. खाली गावाजवळ पात्रातली रेती ट्रॅक्टरने उचलली जाते. रेतीच गेली तर झिरा कशात राहील? शेतात विंधनविहिरी झाल्या, त्यांनी भेगांतलं पाणी खालून ओढलं. डोहात गेळ्याची फळं ठेचून टाकून मासे भुलवायची जुनी चाल आहे. फळातल्या द्रव्याने माशांचे कल्ले काम करेनासे होतात आणि मासे वर येतात. पूर्वी डोह मोठे होते, मासे पुन्हा भरून यायचे. आता उरलेल्या चार डोहांत तसं केलं तर नाला रिकामा होतो.

उपायही त्याच वाटेवर दिसतात. मोहाच्या झाडाखाली आग न लावता झाडून घेतलेलं अंगण, किंवा फुलं झेलायला बांधलेली जाळी. कार्तिकात गावाने श्रमदानाने घातलेला वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती-माती भरून एकावर एक रचलेल्या, मागे गुडघाभर पाणी अडलेलं. पुराच्या पहिल्या लोंढ्यात तो वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो, म्हणून तो टिकतो ते गाव एकत्र येतं तोवरच. काही ग्रामसभांनी आपल्या जंगलात वणव्यासाठी पाळीपाळीने राखण ठेवली आहे; ज्याची पाळी तो दुपारी टेकडीवर जाऊन धूर दिसतो का बघतो.

जंगलात पायी शिरणं जमणार नसेल त्यांनी चिमूर तालुक्यात डोमा गावाजवळच्या मुक्ताईला किंवा ताडोबाच्या कडेला असलेल्या रामदेगीला जावं. दोन्हीकडे वाहतं पाणी आहे आणि भाविकांची वहिवाट आहे. रामदेगीला जानेवारीच्या अखेरीस बौद्ध बांधवांचा मोठा मेळावा भरतो. तिथेही वनविभागाने दिलेल्या वेळा पाळाव्यात. काडी आणि एक पान सोबतीला पुरे. पाणी किती रुंद, किती खोल, पान दहा मीटर किती सेकंदांत गेलं, आणि तारीख, एवढं वहीत लिहून ठेवावं. पुढच्या पौषात त्याच जागी तेच मोजलं की नाला वाढला की रोडावला हे कळतं, आणि गावच्या बैठकीत ते आकडे मांडता येतात.